उभ्या सागाचे मोल

झाड आडवे झाल्यावाचून त्याचे मोल कळत नाही, असा आजवरचा व्यवहार आहे. सागवान उभे असते तोवर ती धुऱ्यावरची सावली असते. कुऱ्हाड लागली, बुंधा आडवा पडला, घेर व लांबी मोजून घनफूट काढले, की मग त्याचे पैसे होतात. मुलीचे लग्न, विहिरीचे बांधकाम, मुलाचे शिक्षण अशा अडीनडीस हे उभे धन कामास येते, म्हणून बापाने लावलेला साग मुलगा राखतो आणि मुलाने राखलेला साग नातवाच्या उपयोगी पडतो.

परंतु अलीकडे एक निराळीच वार्ता खेडोपाडी ऐकू येऊ लागली आहे. झाड न तोडता, केवळ उभे ठेवूनही त्याचे पैसे मिळतात, असे लोक म्हणू लागले आहेत. ह्या व्यवहारास ‘कार्बन क्रेडिट’ असे नाव आहे. वार्ता सर्वस्वी खोटी नाही. पण जशी ऐकू येते तशी खरीही नाही. ज्यांच्या शेतात दहा-पंधरा वर्षांचे सागवान आज उभे आहे, त्यांनी ह्या व्यवहारापासून काय अपेक्षा धरावी आणि काय धरू नये, ह्याचा नीट उलगडा व्हावा म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढे मांडीत आहोत. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी आपल्या कुटुंबांनी तो समजून घ्यावा, एवढीच आमची इच्छा आहे.

पांढुर्णा आणि सौसर ह्या भागास हा विषय विशेष लागू पडतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले व हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. पण घरातली बोली मराठीच राहिली. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून हा भाग वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा झाला. खालच्या अंगाला संत्र्याच्या बागा व कपाशी, वरच्या अंगाला सातपुड्याच्या डोंगररांगा, असे ह्या मुलखाचे रूप आहे. पाण्याचा निचरा चांगला होईल अशी जमीन सागास मानवते, आणि मध्य भारताच्या डोंगरउतारांवर साग आपणहून वाढतो. तेव्हा ज्यांच्याकडे हलकी, बरड जमीन आहे अशा शेतकऱ्यांनी तेथे वा धुऱ्यावर साग लावावा, हे ओघानेच आले.

एक क्रेडिट म्हणजे काय?

प्रथम हे नाणे कसले आहे ते पाहू. कोळसा, पेट्रोल, लाकूड जळले की कार्बन डाय-ऑक्साइड नावाचा वायू हवेत जातो. जुन्या शालेय पुस्तकांत त्यास कर्बद्विप्राणिल वायू असे म्हणत. कारखाने, मोटारी, विजेची केंद्रे ह्यांमुळे त्याचे प्रमाण वाढत गेले आणि पृथ्वीची उष्णता वाढू लागली. झाड ह्याच्या उलट कार्य करते. पानांच्या द्वारे ते हा वायू घेते, त्यातला कार्बन आपल्या खोडात, फांद्यांत व मुळांत साठविते आणि प्राणवायू बाहेर सोडते. १९९७ साली जपानमधील क्योटो शहरी राष्ट्रांचा एक करार झाला व तो २००५ साली अमलात आला. वायूचे उत्सर्जन ज्याला कमी करणे जड जाते, त्याने दुसऱ्या ठिकाणी कमी झालेल्या वायूचे श्रेय विकत घ्यावे, ही वाट त्या कराराने रुळविली. एक टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेतून कमी झाला, वा हवेत जाण्यापासून वाचला, की त्याचे एक क्रेडिट होते.

आता हा टन झाडात कसा मोजतात? जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीजवळ, खोडाचा घेर मोजावयाचा. त्या घेरावरून व उंचीवरून झाडाचे वाळलेले वजन किती भरेल, ह्याचा अंदाज ठरलेल्या सूत्रांनी काढावयाचा. वाळलेल्या लाकडाच्या वजनातील सुमारे ४७ टक्के भाग कार्बन असतो. त्या कार्बनाचे वायूच्या रूपातील वजन काढण्यासाठी त्यास ४४ ने गुणून १२ ने भागतात. समजा, एका झाडाचे वाळके वजन २०० किलो आहे. त्यात ९४ किलो कार्बन आहे. म्हणजे हवेतून घेतलेला वायू झाला सुमारे ३४५ किलो. अशी तीन झाडे मिळून एक टन, म्हणजे एक क्रेडिट. मात्र ही त्या झाडांनी आयुष्यभरात केलेली साठवण आहे, एका वर्षाची नव्हे, हे ध्यानात ठेवावे. येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. शेतात हजार झाडे आहेत, म्हणून दर वर्षी तीनशे क्रेडिटे मिळतील, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

जे आहे त्याचे पैसे की जे वाढेल त्याचे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ज्याचा साग आधीच उभा आहे, त्यास क्रेडिट मिळते काय?

ह्याचे सरळ उत्तर असे की, केवळ झाडे उभी आहेत म्हणून मिळत नाही. ह्या व्यवहाराचा पाया एकाच तत्त्वावर रचलेला आहे, आणि ते तत्त्व ज्याला कळले त्याला बाकीचे नियम आपोआप उमगतात. क्रेडिटचे पैसे नसते तर जे घडलेच नसते, तेवढ्याचेच क्रेडिट मिळते. तुम्ही लाकडासाठी साग लावलात, वीस-पंचवीस वर्षांनी तोडण्याचे योजलेत, आणि तसेच करणार आहात. तर त्यात जगाला नवीन काय मिळाले? ते झाड क्रेडिटच्या आधीही होते, क्रेडिटवाचूनही राहणार होते. त्याचे पैसे कोणी दिले, तर देणाऱ्याच्या कारखान्याचा धूर हवेत जाईल आणि त्या बदल्यात हवेतून अधिक काहीच कमी झालेले नसेल. कागदावर पुण्य, प्रत्यक्षात पाप, असा तो प्रकार होईल.

पवित्र शुभवर्तमानातील एक दृष्टांत आम्हांस येथे आठवतो. द्राक्षमळ्यात लावलेल्या अंजिराच्या झाडावर तीन वर्षे फळ आले नाही, तेव्हा धन्याने ते तोडून टाकण्यास सांगितले. संत लूक ह्यांच्या तेराव्या अध्यायात ही कथा आहे. माळ्याने काय उत्तर दिले, ते पाहा. झाड सुंदर आहे, जुने आहे, सावली देते, असे तो म्हणाला नाही. आणखी एक वर्ष द्या, मी भोवती खणीन, खत घालीन, मग पाहू, असे त्याने विनविले. झाड वाचले ते माळ्याने कबूल केलेल्या अधिक कष्टामुळे व धन्याने कबूल केलेल्या अधिक धीरामुळे. ह्या दृष्टांताचा आध्यात्मिक अर्थ पश्चात्तापाचा आहे, हे आपण जाणतोच. परंतु उभ्या बागेला श्रेय कशाचे मिळते, हेही त्यातून उत्तम प्रकारे समजते. श्रेय मिळते ते वाढीव राखणीचे.

नियमही ह्याच धोरणाचे आहेत. क्योटो कराराच्या पहिल्या पर्वात, ३१ डिसेंबर १९८९ रोजी जेथे वन नव्हते अशाच जमिनीवर नव्याने केलेली वनलागवड धरली जाई. आज स्वेच्छेने चालणाऱ्या बाजारात ‘व्हेरा’ व ‘गोल्ड स्टँडर्ड’ ह्या संस्थांचे नियम प्रमुख मानतात. व्हेराचा एक नियम असा आहे की, क्रेडिट मिळविण्याच्या हेतूने मूळचे नैसर्गिक रान तोडून तेथे लागवड केलेली चालत नाही. प्रकल्पापूर्वीच्या दहा वर्षांत असे रान मोडलेले असेल, तर ती जमीन सहसा बाद ठरते. म्हणून आम्ही कळकळीने सांगतो की, नव्या लागवडीस पैसे मिळतात असे ऐकून कोणी जुन्या झाडांस हात लावू नये. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखे ते होईल, आणि हातची सावलीही जाईल.

मग उभ्या सागवानाला वाटच नाही काय? आहे, पण ती अरुंद आहे. पहिली वाट थांबण्याची. पंचवीस वर्षांनी तोडावयाचा साग पस्तीस-चाळीस वर्षे राखण्याचे लेखी बंधन घ्यावयाचे. मधल्या काळात जो जादा कार्बन साठेल, तेवढ्याचा हिशेब. दुसरी वाट पोकळ्या भरण्याची. वणव्याने, किडीने वा चोरीने झाडे गेली असतील तेथे, अथवा धुऱ्यावर व पडीक तुकड्यावर, नवीन झाडे लावावयाची. ही लागवड नवी म्हणूनच मोजली जाते. तिसरी वाट नीट राखणीची, म्हणजे ज्या रानाची नासाडी होत होती त्याची नासाडी थांबविण्याची. तिन्ही वाटांवर पुरावा मात्र हवा. पूर्वी काय चालत असे व आता काय बदलले, हे दाखविता आले पाहिजे.

माप खरे असावे

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वराने आपल्या प्रजेला खरी तागडी व खरी वजने वापरण्याची आज्ञा दिली आहे. धान्य विकणारा वाणी खोटे माप वापरील तर गिऱ्हाइकाला ते हाताला तरी लागते. येथे विकावयाची वस्तू अदृश्य आहे. घेणारा परदेशात, झाड सातपुड्यात, आणि मधला वायू कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ह्या बाजारात खोट्या मापाचा मोह फार मोठा आहे.

ह्याचे एक उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्या मध्यवर्ती स्थानीच घडले. २००७ साली एका कंपनीने व्हॅटिकनला देणगी देऊ केली. हंगेरी देशात वन लावावयाचे, ते वन व्हॅटिकनमधील उत्सर्जनाइतका वायू शोषून घेईल, आणि व्हॅटिकन हे जगातील पहिले कार्बनमुक्त राष्ट्र होईल, अशी ती योजना होती. व्हॅटिकनने सद्‍भावनेने ती स्वीकारली. २०१० साली वृत्तपत्राच्या प्रतिनिधींनी शोध घेतला, तेव्हा झाडे लावलीच गेली नव्हती असे उघड झाले. ह्याउलट, संत पोप सहावे पॉल ह्यांच्या नावाच्या सभागृहाच्या छपरावर २००८ साली दोन हजारांहून अधिक सौरपट बसविले गेले. त्यांतून वीज खरोखर निर्माण होऊ लागली. दोन्ही कामांमागचा हेतू एकच होता. एका कामात वस्तू आपल्या छपरावर होती, दुसऱ्या कामात ती दुसऱ्याच्या शब्दावर होती.

पुढे जानेवारी २०२३ मध्ये ‘गार्डियन’ व अन्य युरोपीय पत्रांनी उष्ण प्रदेशातील अरण्ये वाचविण्याच्या प्रकल्पांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांनी तपासलेल्या क्रेडिटांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्रेडिटांच्या मागे खरी घट नसावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्हेरा संस्थेने तो मान्य केला नाही. पण घेणारे सावध झाले, हे खरे. आणि घेणारा सावध झाला की प्रामाणिक विकणाऱ्यालाही अधिक पुरावे द्यावे लागतात.

आणखी एक खोटेपणा म्हणजे एकच माल दोघांना विकणे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव ह्या दोन तीरांचे लोक त्यासाठी झुंजतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या गोटमारीत माणसे जायबंदी होतात, जीवही जातात, ह्याचे आम्हांस दुःखच वाटते. परंतु एवढे खरे की, झाड एकच असते आणि ते दोन्ही तीरांना मिळत नाही. कार्बनचेही तसेच आहे. एका टनाचे श्रेय एकदाच विकता येते. त्याच शेताची नोंद एका संस्थेकडे करून पुन्हा दुसरीकडे करणे, म्हणजे एक गाय दोन बाजारांत विकणे होय. नकळत झाली तरी ती फसवणूकच, आणि तिचा ठपका सही करणाऱ्यावर येतो.

हाती काय पडेल?

आता घरखर्चाच्या दृष्टीने पाहू. पुढील आकडे आम्ही केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्यक्षात जमिनीप्रमाणे वाढ निराळी आणि बाजाराप्रमाणे भाव निराळा. समजा, एका एकरावरच्या सागाचे वाळके वजन, मुळांसह, वर्षाला दोन टनांनी वाढते. त्यात कार्बन झाला ०.९४ टन व वायू सुमारे ३.४५ टन. ही सगळी वाढ ‘जादा’ ठरली असे क्षणभर धरू. वणवा लागला, वादळ झाले, तर भरपाई व्हावी म्हणून काही क्रेडिटे सामाईक राखीव कोठारात ठेवावी लागतात. ती पाचवा हिस्सा धरली तर उरली सुमारे पावणेतीन क्रेडिटे. एका क्रेडिटास ५०० रुपये भाव धरला तर झाले १३८० रुपये. मोजणी, तपासणी, नोंदणी व मधल्या संस्थेचा खर्च ह्यांत निम्मे गेले, तर शेतकऱ्याच्या हाती वर्षाला एकरी सातशे रुपयांच्या आतच रक्कम पडते. तीही दर वर्षी नव्हे, तर काही वर्षांनी तपासणी झाली म्हणजे.

रक्कम अगदीच टाकाऊ नाही. परंतु घर बांधावयास, कर्ज फेडावयास वा नोकरी सोडून बसावयास ती पुरणारी नाही. जो कोणी एकरी लाखांची भाषा बोलतो, त्याच्या हिशेबात साग नाही, दुसरेच काही आहे. शिवाय एकट्या शेतकऱ्याच्या दोन-चार एकरांसाठी तपासनीस बोलावणे परवडत नाही. गावोगावच्या शेकडो शेतकऱ्यांची मोट बांधली तरच हा व्यवहार पेलतो. एकोप्यावाचून येथे काहीच साधत नाही.

बंधनाचा काळही लांब आहे. क्योटो कराराखालील वनप्रकल्पांत एक तर तीस वर्षांची एकच मुदत घ्यावयाची, अथवा वीस वर्षांची मुदत घेऊन ती दोनदा वाढवावयाची, असा नियम होता. म्हणजे आज बापाने केलेल्या सहीने मुलाचे हात बांधले जातात. मुलीच्या लग्नाला साग विकावयाचा बेत असेल आणि करार तोडबंदीचा असेल, तर काय करावयाचे, ह्याचा विचार सहीच्या आधी झाला पाहिजे. आणि तो एकट्या कर्त्या पुरुषाने नव्हे, तर पत्नी व जाणत्या मुलांसह घरात बसून केला पाहिजे.

मागचे अनुभव विसरू नयेत

झाडावर स्वप्ने विकण्याचा धंदा आपल्या देशात नवा नाही. १९९० च्या दशकात सागलागवडीच्या नावाने अनेक कंपन्या निघाल्या. काही हजार रुपये भरा, वीस वर्षांनी लाखो मिळतील, अशा त्यांच्या जाहिराती असत. पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबांचे पैसे त्यांत बुडाले. १९९७ साली सरकारने अशा योजना ‘सेबी’च्या देखरेखीखाली आणण्याचे ठरविले व १९९९ साली त्यांच्यासाठी नियम झाले, पण तोवर पुष्कळांचे नुकसान होऊन गेले होते.

दुसरा अनुभव त्याच दशकातला, बस्तरचा. त्या वेळी तो भाग मध्य प्रदेशातच होता. आदिवासींच्या मालकीच्या जमिनीवरील मौल्यवान झाडे व्यापाऱ्यांनी काही अधिकाऱ्यांच्या संगनमताने कवडीमोलाने घेतली. ‘मालिक मकबूजा’ ह्या नावाने ते प्रकरण गाजले व सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. झाड आदिवासीचे, जमीन आदिवासीची. पण कागद दुसऱ्याच्या हाती होता, म्हणून धनी उपाशी राहिला व दलाल गबर झाला. उभ्या झाडाचा मालक आणि त्या झाडाचा कागद समजणारा माणूस हे दोघे निराळे असले, की असे घडते. कार्बनच्या व्यवहारात तर कागदावाचून दुसरे काहीच नाही. तेव्हा सावधगिरी दुप्पट हवी.

सरकारी योजनांची नावेही सारखी वाटल्याने घोटाळा होतो. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली व जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘ग्रीन क्रेडिट’चे नियम निघाले. ती योजना निराळी आहे, तिचे क्रेडिटही निराळे आहे, आणि तिच्यातील वृक्षारोपण मुख्यत्वे वनखात्याच्या ताब्यातील उजाड जमिनींवर व्हावयाचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषिखात्याने शेतीक्षेत्रातील स्वेच्छेच्या कार्बन बाजारासाठी मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली. ‘सरकारी योजना आहे’ असे कोणी म्हटले, तर कोणती, कोणत्या नियमाखाली, कोणत्या खात्याची, असे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत.

मध्य प्रदेशात खासगी झाडांसाठी एक जुना व उपयोगी कायदा आहे. तो म्हणजे २००१ चा लोकवानिकी अधिनियम. आपल्या वृक्षाच्छादित जमिनीची व्यवस्थापन योजना तयार करून मंजूर करून घ्यावयाची आणि तिच्या आधाराने झाडांची निगा व तोड करावयाची, असा त्याचा आशय आहे. साग आपल्या शेतातला असला तरी तो नियम सोडून तोडता वा वाहून नेता येत नाही, हे शेतकरी जाणतातच. तेव्हा लावलेल्या झाडांची नोंद पटवाऱ्याकडून खसऱ्यात करून घेणे व जमेल त्याने अशी योजना करून ठेवणे हे शहाणपणाचे आहे. उद्या लाकूड विकावयाचे असो वा कार्बन, दोहोंसाठी कागद तयार असतो.

कोणी करार घेऊन दारी आलाच, तर पुढील गोष्टी पाहाव्यात. नोंदणीसाठी आगाऊ पैसे मागत असेल, तर त्यास नमस्कार करून परत पाठवावे. करार मराठीत वा हिंदीत मागून घ्यावा, घरी ठेवून घ्यावा व गावातील शिकलेल्या मुलाकडून, शिक्षकाकडून वा वकिलाकडून वाचून घ्यावा. मुदत किती वर्षांची, तोडीस बंदी आहे की काही झाडे काढण्याची मुभा आहे, वणवा लागला तर नुकसान कोणाचे, विक्रीच्या रकमेतील किती हिस्सा शेतकऱ्याचा, जमीन वाटणीत गेली वा विकली तर पुढे काय, आणि प्रकल्पाची नोंद कोणत्या संस्थेच्या उघड नोंदवहीत आहे, ही उत्तरे लेखी असावीत. तोंडी आश्वासन वाऱ्यावर जाते.

राखणीतच खरा नफा

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल की, मग साग राखावा तरी कशाला? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. क्रेडिट मिळो वा न मिळो, राखणीचे फळ बुडत नाही.

एकरी हजार रोपे दाट लावलेली असतात, आणि एकही काढावयाचे मन होत नाही. पण चौथ्या-पाचव्या वर्षी पहिली विरळणी करून निम्मी झाडे काढली नाहीत, तर सगळीच बारीक व उंच वाढतात आणि कोणाचाच बुंधा भरत नाही. काढलेल्या झाडांचे बल्ल्या-वासे होतात. राहिलेल्यांना ऊन व ओल मिळते. खालच्या फांद्या वेळेवर छाटल्या तर लाकडात गाठी पडत नाहीत. ही कामे केलेला साग लाकूड म्हणूनही अधिक किमतीचा होतो, आणि त्याचे वाढलेले आयुष्य कार्बनही अधिक साठविते.

सर्वांत मोठा शत्रू वणवा. फाल्गुन-चैत्रात सागाची पाने गळून जमिनीवर वाळका थर पसरतो. मोहाची फुले सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती ठिणगी वाऱ्याबरोबर कोठे जाईल ह्याचा नेम नसतो. दहा वर्षांची साठवण एका दुपारी धूर होऊन जाते. म्हणून शिवरात्रीच्या आधी रानाभोवतीचा पट्टा झाडून स्वच्छ ठेवावा, आणि शेजाऱ्यांनी मिळून राखणीच्या पाळ्या लावाव्यात. ह्याला पैसा फारसा लागत नाही, शेजारधर्म लागतो.

दीर्घ राखण काय करू शकते, हे पाहावयाचे तर केरळातील निलंबूरचे उदाहरण आहे. १८४० च्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी कॉनोली व त्यांचे सहकारी चातू मेनन ह्यांनी तेथे सागाची लागवड सुरू केली. तिच्यातील काही झाडे आजही उभी आहेत. लावणारे गेले, राजवट गेली. राखणारे बदलत गेले, पण राखण खंडली नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या आपल्या विश्वपत्रात कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीविषयी स्पष्ट इशारा दिला आहे. ह्यातून नव्या प्रकारची सट्टेबाजी उद्‍भवेल, सोपा उपाय सापडल्याचा आभास होईल आणि श्रीमंत देशांची उधळपट्टी तशीच चालू राहील, अशी भीती त्यांनी एकशेएकाहत्तराव्या परिच्छेदात व्यक्त केली आहे. हा इशारा प्रथम धूर सोडणाऱ्यास आहे, झाड राखणाऱ्यास नव्हे. कष्टकऱ्याने आपल्या अधिक कष्टाचा व अधिक धीराचा मोबदला घेण्यात काहीच गैर नाही. मात्र न केलेल्या कष्टाचा मोबदला त्याने घेऊ नये, आणि केलेल्या कष्टाचा मोबदला दुसऱ्यास लाटू देऊ नये. ह्या दोन बाजूंच्या मध्ये प्रामाणिक माणसाची पाऊलवाट आहे.

आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करावयास, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. मशागत आणि राखण ही दोन कामे तेथे जोडीने येतात. पहिले काम आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. दुसऱ्याचे मोल जग आता कोठे ओळखू लागले आहे. येत्या माघात आपल्या सागाभोवती एक फेरी मारावी, प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजून वहीत लिहावा, शेजारी वर्ष घालावे आणि ती वही मुलांच्या हाती द्यावी. कार्बनचा बाजार चढो वा पडो, ते माप खरे राहील.